कोकणातील भाजीपाला : पोषण आणि वाणसुधारणा

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत भाजीपाल्याची वाढ आणि उत्पादन सुधारण्याचे दोन मार्ग आहेत. एक, जमिनीतून व खतांतून पिकाला अन्नद्रव्ये नीट मिळवून देणे. दुसरा, इथल्या पावसात आणि मातीत टिकणारे वाण निवडीने व संकराने तयार करणे. इतर प्रदेशांत हे विषय वेगवेगळे हाताळले तरी चालते. कोकणात तसे करून भागत नाही. देशावर भरघोस पिकणारे संकरित वांगे जांभ्या मातीत लावले की ऐन फळधारणेत उभे झाड कोमेजते. उलट परसातले गावठी पडवळ शेणखतावर मांडव भरते, पण त्याला युरिया जास्त झाला तर नुसता पाला माजतो. म्हणून वाण आणि खत यांचा हिशेब इथे एकत्रच मांडावा लागतो.

जमीन आणि पाऊस : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणात साधारण २,५०० ते ३,५०० मिमी. पाऊस पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्यापासून झालेली तांबडी माती आहे. दीर्घकाळच्या पावसाने तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. त्यामुळे ती आम्लधर्मी असते. सामू (पीएच) बहुधा ५ ते ६.५ च्या दरम्यान. ठाणे-पालघरकडे मध्यम काळी जमीन भेटते, किनाऱ्यालगत रेताड पुळण आणि खाड्यांच्या काठी खार जमीन. खार जमिनीत पावसाळ्यात क्षार खाली जातात आणि उन्हाळा तापू लागला की पुन्हा वर येतात. म्हणून तिथे भातानंतर लवकर निघणारी, क्षार सोसणारी भाजीच घ्यावी; घेवडावर्गीय पिके क्षारांना फार नाजूक असतात.

स्फुरदाची (फॉस्फरसची) अडचण : तांबड्या मातीत स्फुरद असतो, पण तो मुळांच्या हाती लागत नाही. सुपर फॉस्फेट शेतभर फेकले तर त्यातला स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी लवकरच बांधला जातो. टोमॅटोच्या कोवळ्या रोपाची पाने खालून जांभळट दिसू लागतात, मुळे आखूड राहतात, फुलोरा लांबतो. यावरचे उपाय साधे आहेत, मात्र वेळेवर करायला हवेत. स्फुरदयुक्त खत कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात किंवा सरीत, मुळांजवळच द्यावे. शेणखतातली सेंद्रिय आम्ले लोह-ॲल्युमिनियमला गुंतवून ठेवतात आणि स्फुरद काही काळ मोकळा राहतो. रॉक फॉस्फेट काळ्या चुनखडीच्या जमिनीत फारसे विरघळत नाही, पण आम्ल मातीत सावकाश उपलब्ध होते. कोकणासाठी ही जमेची बाजू आहे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतातून दिल्यास मदत होते.

आम्लता कमी करायला चुना लागतो. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची पद्धत जुनी आहे. डोलोमाइटची पूड घातली तर कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही मिळते. चुना लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावा, सुपर फॉस्फेटबरोबर एकाच वेळी टाकू नये. त्याचा अतिरेकही वाईट, कारण मग जस्त आणि बोरॉन पिकाला मिळेनासे होतात. बोरॉन तसाही पावसात वाहून जाणारा आहे. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो मात्र कॅल्शियम कमी पडल्याचा. पाणी कधी कमी, कधी जास्त झाले की तो हटकून दिसतो.

नत्र (नायट्रोजन) आणि फुले : युरिया एकदाच टाकला आणि त्याच रात्री पावसाची झड लागली, तर त्यातला बराचसा भाग वहाळात जातो. त्यामुळे पावसाळी भाजीला नत्र तीन-चार हप्त्यांत द्यावे, किंवा गोळीच्या रूपात मातीत पुरावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अन्नपूर्णा’ ब्रिकेट्स याच विचारातून आल्या आहेत. रोपाशेजारी पुरलेली ही गोळी सावकाश विरघळते आणि पाण्याबरोबर वाहून जाणारे खत वाचते. भाताला सरावलेल्या शेतकऱ्याने भाजीतही ती वापरावी, इतकी ती या पावसाला साजेशी आहे.

वेलवर्गीय पिकांत नत्राचा परिणाम फुलांवर होतो. काकडी, दोडका, कारले, दुधी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे कोवळे फळ आधीच दिसते. नत्र भरमसाट झाले आणि हवा उष्ण राहिली की नर फुले वाढतात, मादी घटतात. रोप दोन-चार पानांवर असताना इथ्रेल या वाढ-नियंत्रकाची सौम्य फवारणी केल्यास मादी फुलांचे प्रमाण वाढते. परसबागेत मात्र खताचा हात आखडता ठेवणे पुरेसे असते.

हिरवळीच्या खतासाठी बांधावर गिरीपुष्प लावणे ही कोकणात सहज जमणारी गोष्ट आहे. त्याच्या पाल्यात नत्र भरपूर असते आणि पाला लवकर कुजतो. राब भाजण्याच्या, म्हणजे जमिनीवर पाला-फांद्या जाळण्याच्या जुन्या पद्धतीत ऐन-किंजळीच्या टाहाळाची (तोडलेल्या फांद्यांची) राख होते. तिच्यातून पालाश मिळतो आणि आम्लता थोडी उतरते, हे खरे. पण नत्र आणि सेंद्रिय पदार्थ धुरात जातात. ज्या मातीला सेंद्रिय पदार्थांचीच उणीव आहे तिथे टाहाळ जाळण्यापेक्षा कुजवणे केव्हाही चांगले.

वाणसुधारणा : डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये दापोलीला स्थापन झाले. इथून निघालेल्या भाजीच्या वाणांत ‘कोकण तारा’ कारले सर्वांत परिचित. फळ हिरवे, काटेरी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते. तोडल्यावर लवकर पिवळे पडत नाही, म्हणून दूरच्या बाजारालाही चालते. ‘कोकण हरिता’ दोडका, ‘कोकण कीर्ती’ मिरची, ‘कोकण सदाबहार’ चवळी हे आणखी काही. घेवड्याचा ‘कोकण भूषण’ वेगळ्या कारणासाठी मोलाचा आहे. वाल-घेवड्याच्या जुन्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, त्यामुळे शेंगा हिवाळ्यातच मिळतात. हा बुटका वाण दिवसमानावर अवलंबून नाही आणि त्याला मांडवही लागत नाही.

रोगप्रतिकार हा कोकणातल्या पैदाशीचा कणा असायला हवा. वांगी-टोमॅटोतली जिवाणूजन्य मर आम्ल, ओल्या, उष्ण मातीत फोफावते. ती ओळखायची खूण पक्की आहे : कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगता धरला, तर काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखी बारीक धार खाली उतरते. औषध ओतून ही मर हटत नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का निधी’, ‘अर्का केशव’, ‘अर्का नीलकंठ’ ही वांगी आणि ‘अर्का रक्षक’ हा संकरित टोमॅटो तिला तोंड देतात. रानवांग्याच्या खुंटावर कलम करणे आणि भाताशी फेरपालट ठेवणे हे जोडीचे उपाय. भेंडीत असाच त्रास पाने पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाचा. त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते. ‘पुसा सावनी’ या वाणाला आधी तो होत नसे, पुढे होऊ लागला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ आली, आणि बंगळूरहून ‘अर्का अनामिका’. अशी प्रतिकारशक्ती कायमची नसते, म्हणून रानटी आणि गावठी जातींचा साठा सतत हाताशी लागतो.

तो साठा अजून घराघरांत आहे. पडवीच्या वाशाला टांगलेली पिकली तवशी (मोठी काकडी), वेलावरच सुकवलेल्या दोडक्यातले बी, शेणात थापून भिंतीला चिकटवलेले भोपळ्याचे बी, ही सगळी निवडीचीच कामे. ती बहुतेक बायका करतात. वेलावर लवकर लागलेले, सरळ, निरोगी फळ बियाण्याला राखायचे हा त्यांचा नियम पैदासशास्त्रालाही मान्य आहे. अलिबागचा पांढरा कांदा असाच शेतकऱ्यांनी राखलेला वाण. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भातानंतरच्या शेतात तो घेतात, वेणी घालून माळा विकतात आणि निवडक कांदे पुन्हा लावून बी धरतात. कांदा परपरागी आहे, म्हणजे त्याचे बी बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागाने धरते. मोजक्याच कांद्यांपासून बी घेत गेल्यास पुढच्या पिढ्या खुरट होतात. बियाण्याला लावलेले कांदे जितके जास्त, तितका वाण सुरक्षित.

वेलवर्गीय भाज्यांच्या बियाण्यात भेसळीचा धोका मोठा, कारण परागण कीटकच करतात. कारल्याची फुले पहाटे उमलतात, काकडीची सकाळी, दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी, पडवळाची रात्रीकडे. पावसाची झड असेल तर सातेरी मधमाशी बाहेर पडत नाही, पराग भिजतो आणि फळे गळतात. अशा वेळी नर फूल तोडून मादी फुलाच्या टोकाशी हलकेच घासावे. प्रमाणित बियाण्यासाठी वेलवर्गीय पिकांत दोन वाणांमध्ये ५०० मीटर, आणि ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात त्या पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर अंतर ठेवावे लागते. कोकणातल्या वाडीत घरे आणि परसे इतकी जवळ की हे अंतर मिळणे अवघड. त्यावर दोन मार्ग निघतात. एक, सगळ्या वाडीने त्या हंगामात पडवळाचा एकच वाण लावायचा. दुसरा, उमलण्याच्या आधी निवडलेली मादी कळी आणि नर कळी दोन्ही कागदी पिशवीने झाकायच्या, फूल उघडले की हाताने परागण करून मादी फूल पुन्हा झाकायचे, आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. बी फक्त दोरा बांधलेल्या फळाचे धरायचे.