फाइल करप्ट नाही, वाचणारा चुकतोय

आंब्याचा हंगाम सुरू झाला की कोकणात पेट्यांबरोबर याद्याही फिरायला लागतात. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, किती डझन, पैसे आले की नाही. कुणी एक्सेलमध्ये करतं, कुणी साध्या नोटपॅडमध्ये. घरातल्या मुलाने किंवा पुतण्याने लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रॅमला ती यादी दिली आणि मराठी नावांच्या जागी भलत्याच खुणा उमटल्या, की लगेच निकाल लागतो : फाइल करप्ट झाली. थोड्या वेळाने वरच्या कोर्टाचा निकाल : व्हायरस आला. मग मशीन फॉरमॅट होतं आणि एका यादीपायी वर्षभराचा हिशेब जातो. नव्या कंप्युटरला हळद-कुंकू लावा, नारळ फोडा, देवाला गाऱ्हाणं घाला, माझी काही हरकत नाही. पण फॉरमॅट मारायच्या आधी थांबा. अशा वेळी फाइलमधला एकही बाइट बहुधा जागचा हललेला नसतो.

डिस्कवर अक्षरं नसतातच. तिथे असतात बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ज्या कोष्टकावरून ठरतं ते फाइलच्या बाहेर असतं, आणि कोणतं कोष्टक वापरलं हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कुठे लिहून ठेवलेलं नसतं. सगळी गोची इथे आहे.

‘रत्नागिरी’ घ्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात ४. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी, मोजतं ९ : र, त, पाय मोडल्याची खूण, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. आणि हे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीने फाइलमध्ये उतरवलं की होतात २७ बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं.

पहिला र जवळून बघू. फाइलमध्ये तो २२४, १६४, १७६ असा पडलेला असतो. २२४ द्विमान पद्धतीत, म्हणजे ० किंवा १ अशा आठ बिटांत, लिहिला तर १११०००००. सुरुवातीचे तीन एक आणि मग शून्य, याचा अर्थ ‘मी तीन बाइटांच्या चिन्हाचा म्होरक्या’. १६४ आणि १७६ हे दोन्ही १० ने सुरू होतात, म्हणजे ‘मी कुणाच्या तरी मागून आलोय’. या खुणेचे बिट काढून टाका. उरतात ०, ३६ आणि ४८. मागच्या बाइटांत सहा-सहा बिट उरतात, म्हणून गुणायचं ६४ ने. ३६ गुणिले ६४ अधिक ४८ बरोबर २३५२, आणि युनिकोडच्या यादीत २३५२ क्रमांकावर आपला र बसलेला आहे! केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोन प्रोग्रॅमरांनी ही रचना १९९२ मध्ये केली. फाइलच्या मध्यात कुठेही बोट ठेवा, फार तर तीन बाइट मागे सरकलात की चिन्हाची सुरुवात सापडतेच. शिवाय साधी इंग्रजी अक्षरं पूर्वीसारखीच एका बाइटात राहतात. इतकी नीटस गोष्ट संगणकाच्या जगात क्वचित बघायला मिळते.

हेच तीन बाइट विंडोजच्या जुन्या १२५२ क्रमांकाच्या कोष्टकाने वाचले तर? तिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग र च्या जागी येतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यापाठोपाठ चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं वर्तुळ आणि शेवटी तापमान लिहिताना देतो ती अंशाची टिकली. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं, म्हणून बिघडलेल्या यादीत तो रेघवाला ए सारखा सारखा दिसतो. तो दिसला की समजावं, माल शाबूत आहे.

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ही कामं वेगवेगळ्या क्लासना, म्हणजे साच्यांना, वाटून दिलेली आहेत. इनपुटस्ट्रीमच्या घराण्याला फक्त बाइट कळतात, रीडरच्या घराण्याला अक्षरं. हे दुसरं घराणं १९९७ च्या १.१ आवृत्तीत आलं. फाइलइनपुटस्ट्रीमचा ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून काढलेला नग, डिस्कवरून बाइट आणतो. तो इनपुटस्ट्रीमरीडरच्या पोटात ठेवायचा. हा कोष्टक बघून अक्षरं करतो. आणि तो बफर्डरीडरच्या पोटात. हा अक्षरं साठवून ओळ-ओळ हातात देतो. बाहेरच्याने आतल्याला फक्त ‘पुढचं दे’ म्हणायचं. आतला ते फाइलमधून आणतो की नेटवरून, याच्याशी बाहेरच्याला कर्तव्य नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणतात ते इथे खरं कळतं. कॉलेजात शिकवतात त्या प्राणी-कुत्रा-मांजर उदाहरणांतून नाही.

एकेक बाइट मागायला ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाणं महाग पडतं, म्हणून बाइट आणायचे ते गठ्ठ्याने. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट एकेका माणसासाठी सुटत नाही, तसंच. समजा गठ्ठा ८१९२ बाइटांचा आहे. सलग देवनागरी मजकूर असेल तर त्यात २७३० चिन्हं बसतात आणि २ बाइटांची जागा उरते. पुढच्या चिन्हाला हवेत तीन. मग तिघांच्या कुटुंबातले दोघे या फेरीत जातात, तिसरा अलीकडेच राहतो. इनपुटस्ट्रीमरीडर अशा वेळी त्या दोघांना पलीकडच्या धक्क्यावर थांबवून ठेवतो आणि पुढच्या फेरीतून तिसरा उतरला की मगच अक्षर पूर्ण करतो. हे न वापरता कुणी हाताने ८१९२-८१९२ बाइट वाचून प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, केली, तर सांध्यावरचं अक्षर फुटतं आणि तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. छोट्या यादीत हा दोष दिसतच नाही. यादी वाढली की मध्येच एखादं नाव जातं आणि त्या वेळी प्रोग्रॅमला कुणी हातही लावलेला नसतो.

कोष्टकाचं नाव मात्र आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं तर जावा पूर्वी मशीनला विचारायची, आणि इंग्रजी विंडोज उत्तर द्यायचं १२५२. म्हणून एकच प्रोग्रॅम लिनक्सवर नीट चालायचा आणि विंडोजवर बिघडायचा. २०२२ च्या १८ व्या आवृत्तीपासून न सांगितल्यास यूटीएफ-८ धरलं जातं. ‘हल्ली एआय सगळं लिहून देतं’ म्हणणाऱ्यांनीही त्या लिहून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये कोष्टकाची जागा रिकामी आहे का, एवढं बघावं. ज्या मशीनवर जुनी जावा आहे तिथे एआय काय करणार?

आणखी एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा. न जुळणारा बाइट आला की इनपुटस्ट्रीमरीडर गुपचूप ते काळं प्रश्नचिन्ह घालून पुढे जातो. फाइल्स क्लासमधली रीडऑललाइन्स ही मेथड, म्हणजे त्या क्लासला सांगता येणारं काम, तसं करत नाही, सरळ एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक झाली असं सांगून थांबते. हिशेबाच्या कामाला मला दुसरी बरी वाटते. ती सगळी फाइल मेमरीत घेते, पण आंब्याच्या यादीला तेवढं परवडतं.

एवढं करूनही एक खोडी उरते. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल म्हणून, यादी साठवली की सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट जातात. पडद्यावर ते दिसत नाहीत, पण जावा त्यांचं एक अक्षर करून पहिल्या ओळीला चिकटवते. पहिलं नाव ‘आचरा’ असेल, तर यादीत डोळ्यांसमोर आचरा आहे आणि प्रोग्रॅम म्हणतो सापडत नाही. त्या पहिल्या नावाची लांबी छापून बघा. ‘आचरा’ची हवी ४, येईल ५. पहिलं अक्षर युनिकोडचं ६५२७९ असेल तर ते कापून टाकायचं.