किरणोत्सारी द्रव सांडल्यास: परवान्याच्या अर्जातला आराखडा, पात्रता आणि कागदपत्रं

मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिन विभाग (किरणोत्सारी औषधं देऊन तपासण्या आणि उपचार करणारा) चालवायचा तर परवाना लागतो तो अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा. अर्ज 'ई-लोरा' पोर्टलवर होतो. संस्थेची नोंदणी, खोल्यांच्या नकाशाला मंजुरी, कर्मचारी आणि उपकरणांची माहिती, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या (आरएसओ, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) नेमणुकीला मान्यता असं एकेक पार पडल्यावर परवाना हातात येतो.

अर्जातला आणीबाणीचा आराखडा, म्हणजे द्रव सांडल्यास काय करायचं ते, कृपा करून दुसऱ्या रुग्णालयाच्या फाइलमधून उचलू नका. आपल्याकडे कोणते आयसोटोप (किरणोत्सारी पदार्थ) येतात, स्पिल किट (सांडलेलं पुसायचं साहित्य) कुठल्या कपाटात आहे, रात्रपाळीला आरएसओचा फोन कोण लावणार, हे सगळं त्यात हवं.

पुसणार कोण? वय १८ पूर्ण, टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला) असलेला, प्रशिक्षित कर्मचारीच. गरोदर कर्मचाऱ्याला हे काम देऊ नये. सफाई कामगाराला तर आरएसओने खोली मोकळी केल्याशिवाय आत सोडूच नये.

जवळ ठेवायची कागदपत्रं: आरएसओचं मान्यतापत्र, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि टीएलडीचे डोस अहवाल, कंटॅमिनेशन मॉनिटर व सर्व्हे मीटर या किरणोत्सार मोजायच्या उपकरणांची मुदतीतली कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, आयसोटोपच्या आवकजावकीची वही, कचऱ्याची नोंदवही.

सांडल्यावर: सगळ्यांना सांगा, पण कुणाला लांब पळू देऊ नका, बुटांना लागलेलं कॉरिडॉरभर पसरतं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर फारच. द्रवावर शोषक कागद टाका. हातमोज्यांचे दोन जोड आणि शू-कव्हर घाला. कडेकडून मध्याकडे पुसा, दर पुसण्याला नवा कागद, मळकी बाजू आत दुमडून थेट पिशवीत. त्वचेला लागलं असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. ब्रशने घासू नका, त्वचा सोलली की द्रव आत शिरतो.

दोन-तीनदा पुसूनही मॉनिटरवरचा आकडा उतरत नसेल तर आधी मॉनिटर दूर नेऊन पार्श्वभूमी (डाग नसतानाही दिसणारा नेहमीचा आकडा) तपासा. मॉनिटरच्या प्रोबलाच (मोजणाऱ्या टोकाला) द्रव लागलेला असू शकतो. मुंबईतल्या चिंचोळ्या विभागांत आणखी एक गोष्ट होते: भिंतीपलीकडे इंजेक्शन दिलेला रुग्ण बसलेला असतो आणि काटा त्याच्यामुळे वर राहतो. तरीही डाग राहिलाच, तर प्लास्टिकने झाका, खूण करा, खोलीला कुलूप लावा. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तास, म्हणजे दहा अर्धायुकाल ६० तासांत; शुक्रवारी संध्याकाळी सांडलेलं सोमवारी सकाळपर्यंत हजारांश उरतं.

आयोडीन-१३१ला इतकी सूट नाही. त्याचा अर्धायुकाल ८ दिवसांचा, आणि ते हवेत उडून श्वासावाटे थायरॉइडमध्ये जमतं. रक्त किंवा लघवी सांडली की हायपोक्लोराइट ओतायची रुग्णालयात सवय असते. इथे तेच घातक, कारण त्याने आयोडीन वायुरूप होतं. त्याऐवजी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण वापरा. बाटली किटमध्येच ठेवा आणि आराखड्यात तसं लिहा.

कचरा आयसोटोपप्रमाणे वेगळा करा. पिशवीवर आयसोटोप, तारीख, पृष्ठभागावरचा डोस-दर लिहा. आयोडीनची पिशवी साधारण ८० दिवस डिके रूममध्ये (किरणोत्सार ओसरेपर्यंत कचरा ठेवायच्या खोलीत) ठेवायची. मोजमाप पार्श्वभूमीइतकं आलं की किरणोत्साराचं चिन्ह काढून मगच ती जैववैद्यकीय कचऱ्यात द्यायची. चिन्ह तसंच राहिलं तर कचरा उचलणारे पिशवी परत पाठवतात.

नोंदीत वेळ, सांडलेल्या द्रवाची अंदाजे सक्रियता (किरणोत्साराचं प्रमाण), जागेचा छोटा नकाशा, पुसण्याआधीचे व नंतरचे आकडे, वाइप टेस्टचा (जागा पुसून तो कागद मोजायच्या चाचणीचा) निकाल आणि आरएसओची सही हवी. कुणाच्या शरीरात द्रव गेल्याची शंका असेल किंवा सांडणं मोठं असेल, तर आरएसओने एईआरबीला लगेच कळवावं.