लोंगोवाल यांच्या हत्येनंतरचा पंजाब करार

२४ जुलै १९८५ रोजी राजीव गांधी आणि अकाली दलाचे अध्यक्ष संत हरचंदसिंग लोंगोवाल यांनी दिल्लीत अकरा कलमी करारावर सह्या केल्या. महिनाही झाला नव्हता. २० ऑगस्टला संगरूर जिल्ह्यातल्या शेरपूर गावी, गुरुद्वारातच, अतिरेक्यांनी लोंगोवाल यांना गोळ्या घातल्या.

मागचे वर्ष सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईचे, इंदिरा गांधींच्या हत्येचे आणि दिल्लीतल्या शिखांच्या कत्तलीचे. लोंगोवाल स्वतः जून १९८४ ते मार्च १९८५ अटकेत होते. पंजाबच्या मागण्यांसाठीचे आंदोलन, धर्मयुद्ध मोर्चा, त्यांनीच चालवले होते, त्यामुळे केंद्राशी तडजोड करण्याचा अधिकार त्यांच्याकडे चालून आला होता. पण अकाली दलातलेच बडे नेते प्रकाशसिंग बादल आणि गुरचरणसिंग तोहरा यांना ही तडजोड पसंत नव्हती. करार पक्षाचा कमी आणि लोंगोवाल यांचा जास्त होता. खरी मेख तिथेच होती.

लोंगोवाल यांच्या मृत्यूनंतर पंजाब विधानसभेची निवडणूक होणार का, हाच पहिला प्रश्न होता. ती काही दिवस पुढे गेली, पण २५ सप्टेंबरला झाली. अतिरेक्यांच्या बहिष्काराला न जुमानता लोक मतदानाला आले आणि ११७ पैकी ७३ जागा अकाली दलाला मिळाल्या. सुरजितसिंग बर्नाला मुख्यमंत्री झाले. म्हणजे गोळीने करार मेला, असे सरसकट म्हणता येत नाही. लोकांनी त्याला कौलच दिला होता.

करार अडला तो जमिनीवर. २६ जानेवारी १९८६ ला चंडीगड पंजाबला मिळायचे होते आणि बदल्यात काही हिंदी भाषक गावे हरियाणाला. ती ठरवायला मॅथ्यू आयोग नेमला गेला. हरियाणाचा डोळा पंजाबातल्या अबोहर-फाजिल्का भागावर, पण हा भाग हरियाणाला लागून नाही. मधे कंदूखेडा नावाचे गाव. तिथे घरोघर जाऊन भाषा विचारण्यात आली, गाव पंजाबी भाषक निघाले आणि सलगताच तुटली. गाव घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या हे निकष बेळगावच्या वादामुळे आपल्याकडे पाठच आहेत. पंजाबात त्यांतल्या एकाच गावाने सगळे गणित थांबवले. २६ जानेवारी उलटली. पुढे आणखी आयोग आले, चंडीगड मात्र हलले नाही.

यात केंद्राचा दोष मला अधिक वाटतो. हरियाणात निवडणूक जवळ येत होती आणि काँग्रेसला तिथे नुकसान नको होते. बर्नाला यांच्या हाती लोकांना दाखवायला काहीच उरले नाही. लोंगोवाल असते तर मुदत पाळली गेली असती की नाही, कोण सांगणार; पण चुकलेली मुदत पक्षाच्या गळी उतरवण्याइतके वजन बर्नाला यांच्याकडे नव्हते. एप्रिल १९८६ च्या अखेरीस त्यांनी सुवर्णमंदिरात पोलीस पाठवले आणि अकाली दल फुटला. बादल-तोहरा वेगळे झाले. सरकार काँग्रेसच्या टेकूवर आले.

त्याच वर्षी १० ऑगस्टला पुण्यात अरुणकुमार वैद्य यांची, सुवर्णमंदिरातल्या कारवाईच्या वेळच्या आणि आता निवृत्त झालेल्या लष्करप्रमुखांची, हत्या झाली, आणि पंजाबचा प्रश्न मराठी माणसासाठी केवळ उत्तरेकडची बातमी राहिला नाही. ११ मे १९८७ रोजी बर्नाला सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लागू झाली. विधानसभेची पुढची निवडणूक व्हायला फेब्रुवारी १९९२ उजाडला.