दोघंही मारकुटे, पण एक घाबरतंय आणि एकाला दम धरवत नाही

बेळगावच्या वडगावात माझ्या घरी सहावीच्या पोरांची ट्यूशन असते. त्यात दोघं मारकुटे, आणि दोघांच्याही आया एकच सांगतात, "बाई, ह्येला राग आवरत नाही बगा."

पहिला कॅरमवर नंबर यायच्या आधीच स्ट्रायकर ओढतो, कुणी हात धरला की रपकन एक ठेवून देतो आणि दोन मिनिटात त्याच पोराबरोबर कुंदा वाटून खात बसतो. शाळेत, घरी, गणपतीच्या मांडवात, सगळीकडं हेच. एडीएचडीत (लक्ष टिकत नाही, दम धरवत नाही असा मेंदूच्या वाढीतला विकार) असं होतं, मनात आलं की हात गेलाच, मधला ब्रेक उशिरा लागतो. अर्थात कॅरमवरून कुणी निदान करत नाही ओ, लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून, कमीत कमी ६ महिने आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात.

दुसरा एरवी गप. घरात सगळं मराठी, आणि सोमवारी पहिलाच तास कन्नडचा, उभं राहून मोठ्यानं वाचायचं. रविवारी संध्याकाळपासून पोट दुखायला लागतं, सकाळी आईनं दप्तर पुढं केलं की तिलाच चावतो, एकदा तर कंपास फेकून मारला. मला वाटायचं लाडावलंय. पण भीती वाटली की शरीर पळायला नाहीतर लढायला तयार होतं, आणि पळायची वाट आपणच दारात उभं राहून अडवली की मग उरतं काय? नंतर तासभर रडतो, "आई, रागावलीस काय" विचारत. (घाबरणारी बरीच पोरं कुणावर हात उचलत नाहीत, हेही खरं.)

म्हणून मी आता मारायच्या आधीची पाच मिनिटं बघते. थांबावं लागलं म्हणून मारलं, का काहीतरी टाळायचं होतं म्हणून?

गोंधळ होतोच, कारण धास्तावलेल्या पोराचंही अभ्यासात लक्ष लागत नाही आणि दिवसभर बोलणी खाऊन एडीएचडीवालंही धास्तावतं. एडीएचडीच्या साधारण चारातल्या एकाला चिंतेचा विकारही असतो, त्यामुळं घरी बसून शिक्का मारू नका, धारवाडच्या डिमहान्सला (मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल) दाखवा नाहीतर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

उपाय मात्र वेगळे. पहिल्याला एका वेळी एकच छोटी सूचना आणि नीट वागलं की तिथल्या तिथं शाबासकी, लागलं तर डॉक्टर गोळ्या देतात. दुसऱ्याला शिक्षा केली तर भीती वाढते, आणि दया येऊन घरी ठेवलं तर आज सुटतो, पुढच्या सोमवारी पोट जास्त दुखतं. त्याला भीतीजवळ थोडं थोडं न्यावं लागतं. सध्या तो बसच्या कन्नड पाट्या मला वाचून दाखवतोय, कालच्याला 'खानापूर' झटकन वाचला, 'धारवाड'ला अडला.