सुटे तुकडे, अनेक विक्रेते, एक पार्सल: लेगोच्या ऑनलाइन खरेदीची पार्श्वभूमी

काळाराम मंदिराची प्रतिकृती लेगोत, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांत, उभी करायची म्हटली, की पहिली अडचण कळसाची नसते, दगडाची असते. काळ्या आणि राखाडी छटांच्या हजारो प्लेट (पातळ विटा), उतरत्या विटा, गुळगुळीत टाइल लागतात आणि एवढा माल कोणत्याच एका डब्यात मिळत नाही. रामकुंडाच्या पायऱ्या करायला घेणाऱ्याचीही तीच गत. मग सुटे तुकडे शोधायचे, तेही तीन-चार देशांतल्या विक्रेत्यांकडे, आणि पार्सल नाशिकला पोहोचेपर्यंतचा खर्च तुकड्यांच्या किमतीला गिळून टाकणार नाही असा हिशेब बसवायचा. हौशी मंडळी आज या हिशेबाच्या ज्या युक्त्या एकमेकांना सांगतात, त्या गेल्या पंचवीसेक वर्षांत घडत गेल्या आहेत.

वीट स्वतः त्याहून बरीच जुनी. डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीने १९४९ मध्ये ती बाजारात आणली, आतून नळ्या असलेल्या विटेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ ला केला आणि १९६३ पासून एबीएस प्लास्टिक वापरायला घेतले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही: मोल्ड, म्हणजे साचा, नेमका असला की साठ वर्षांपूर्वीची वीट आजच्या विटेवर बसते. पेटंटची मुदत सरल्यावर इतरांनीही तशाच विटा काढल्या. दोन बाय चार स्टडच्या (वरच्या गोल खुंट्यांच्या) विटेचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखण्याचा कंपनीचा प्रयत्न युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये शेवटचा फेटाळला. मेन रोडवरच्या दुकानात ‘लेगो’ मागितल्यावर भलत्याच नावाचा डबा पुढे येतो, त्याचे मूळ इथे आहे.

सुट्या तुकड्यांच्या बाजाराला मात्र पेटंटपेक्षा आकड्यांनी जन्म दिला. बहुतेक तुकड्यांच्या आतल्या बाजूला बारीक अंकांत मोल्डचा क्रमांक असतो. दोन बाय चारची वीट म्हणजे ३००१, एक बाय दोनची प्लेट म्हणजे ३०२३. १९९५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन हौशीने संगणकावर विटा जोडण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातल्या फायलींना हेच क्रमांक दिले. जगभरच्या हौशींना त्यातून एक सामाईक भाषा मिळाली. २००० मध्ये हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या एका तरुणाने सुट्या तुकड्यांचा ऑनलाइन बाजार उघडला. बाजाराचे आधीचे नाव एका बड्या लिलाव साइटच्या नावाच्या फार जवळ जात होते, म्हणून ते बदलून ब्रिकलिंक झाले. २०१० मध्ये त्या तरुणाचे अकाली निधन झाले, २०१३ मध्ये बाजार एका कोरियन गेम-उद्योजकाच्या गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि २०१९ च्या अखेरीस खुद्द वीट बनवणाऱ्या कंपनीनेच तो विकत घेतला. मधल्या काळात ब्रिक आउलसारखे पर्यायही उभे राहिले.

या बाजाराचे एकक आहे ‘लॉट’. एक तुकडा, एक रंग, एक स्थिती (नवा की वापरलेला) मिळून एक लॉट. शंभर राखाडी प्लेट हा एक लॉट आणि दहा रंगांतल्या दहा प्लेट हे दहा लॉट. विक्रेत्याची मेहनत तुकड्यांवर नाही, लॉटवर ठरते, कारण प्रत्येक लॉटसाठी वेगळा खण उघडावा लागतो. म्हणून काही विक्रेत्यांनी किमान खरेदीची अट घातली, तर काहींनी लॉटमागे सरासरी किमतीची. नवख्याला ही दुसरी अट खडूसपणाची वाटते. दोन-दोन सेंटचे साठ लॉट कुणी मागितले की त्या विक्रेत्याची अख्खी संध्याकाळ खण उघडण्यात जाते, हे लक्षात घेतले तर ती रास्त आहे.

आता राखाडी रंगाकडे येऊ, कारण अनेकांकडून माल घेणाऱ्याचा घात सर्वांत जास्त त्यानेच केला आहे.

२००३-०४ च्या सुमारास कंपनीने आपले दोन्ही राखाडी रंग आणि तपकिरी बदलले. जुना फिकट राखाडी किंचित पिवळसर, उबदार होता. नवा निळसर आला. गडद राखाडीचेही तेच झाले, आणि तपकिरी लालसर झाला. कंपनी तेव्हा मोठ्या तोट्यात होती आणि भरमसाट वाढलेले तुकडे नि रंग कमी करण्याचे काम चालू होते. नव्या छटा बाकीच्या रंगांशी चांगल्या जुळतात, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद. मुलांच्या खेळण्यापुरता तो पटण्यासारखाही होता. पण ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे किल्ले, रेल्वे, अवकाशयाने यांसाठी राखाडी साठवला होता, त्यांच्या दृष्टीने रंग बदलणे म्हणजे ‘जुने नव्याला जुळेल’ हे न लिहिलेले वचन मोडणे होते. जुळत होते, पण फक्त आकाराने. तेव्हा झालेला गदारोळ त्या वेळच्या प्रौढ चाहत्यांना अजून आठवतो. निर्णय मागे घेतला गेला नाही.

कंपनीने नव्या छटांना आपल्या यादीत नवे क्रमांक दिले: जुना फिकट राखाडी २, नवा १९४, जुना गडद २७, नवा १९९. ब्रिकलिंकने स्वतःचे वेगळे क्रमांक ठेवले: जुना फिकट ९, नवा ८६, जुना गडद १०, नवा ८५. नावेही वेगळी. कंपनी नव्या फिकट छटेला ‘मीडियम स्टोन ग्रे’ म्हणते, बाजारात तीच ‘लाइट ब्लुइश ग्रे’. भरीला पूर्वीचा सोपा नियमही मोडला. आधी मोल्डच्या क्रमांकापुढे रंगाचा क्रमांक लावला की त्या रंगातल्या तुकड्याचा क्रमांक तयार व्हायचा. ३०२३ ला ०२ जोडले की जुन्या राखाडीतली एक बाय दोनची प्लेट. नव्या राखाडीत तीच प्लेट ४२११३९८ झाली. या आकड्याकडे पाहून ना आकार कळतो, ना रंग.

एकाच विक्रेत्याकडून सगळा माल घेतला तर याचा त्रास फारसा नाही; तो चुकला तरी सगळीकडे सारखाच चुकतो. पाच जणांकडून घेतला की भिंतीवर डाग पडतात. वापरलेला माल विकणारे जुने संग्रह किलोवर उचलतात आणि रात्री दिव्याखाली वर्गवारी करतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात दोन्ही फिकट राखाडी प्लेट शेजारी ठेवून पाहा, सहज एकच वाटतात. सकाळी गॅलरीत नेल्या की एक मातकट दिसते, दुसरी सिमेंटच्या नव्या पत्र्यासारखी. त्यात जुना एबीएस उन्हाने आणखी पिवळा पडतो. म्हणून राखाडीच्या बाबतीत एक नियम मुरलेल्या खरेदीदारांत पक्का झाला आहे: दर्शनी भागाचा राखाडी नवाच घ्यायचा आणि शक्यतो एकाच दुकानातून, मग तुकड्यामागे चार पैसे जास्त जावोत. वापरलेला राखाडी आतल्या भरावाला. काही जण उलट मुद्दाम चार छटा मिसळून पावसाने काळवंडलेला दगड साधतात आणि घाटाच्या पायऱ्यांना ते शोभतेही, पण ती निवड असावी, अपघात नव्हे.

कुणाकडून किती घ्यायचे, हे गणित दिसते तितके सरळ नाही. दिवाळीच्या किराण्याला रविवार कारंज्यावर चार दुकाने फिरायला काही लागत नाही. इथे प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर टोलनाका आहे. समजा, चाळीस लॉटची यादी आहे. प्रत्येक लॉट जिथे स्वस्त तिथून घेतला तर पाच विक्रेते लागतात. तुकडे ३,००० रुपयांचे आणि टपालखर्च प्रत्येकी १,२००. एकूण ९,०००. तीच यादी दोन विक्रेत्यांत बसवली तर तुकडे ३,८०० चे, पार्सले जड म्हणून टपाल प्रत्येकी १,५००, एकूण ६,८००. तुकडे महाग पडले तरी खरेदी स्वस्त झाली. ब्रिकलिंकवर ‘वॉन्टेड लिस्ट’, म्हणजे हव्या असलेल्या तुकड्यांची यादी, भरली की विक्रेत्यांचे संच आपोआप सुचवले जातात. त्या सूचना सुरुवातीला ठीक, पण सीमाशुल्काचा विचार त्यांत नसतो, आणि एका जागी दोन छोटे तुकडे चालतील की नाही हे तर यंत्राला कळणेच शक्य नाही. अनुभवी माणूस यादीतला सर्वांत दुर्मीळ तुकडा आधी धरतो, तो ज्यांच्याकडे आहे अशा दोन-तीन दुकानांतच उरलेली यादी बसवतो आणि जे बसत नाही ते बदलतो: एक बाय चारच्या जागी दोन एक बाय दोन, आतल्या जागी मिळेल तो रंग. भाव वाजवी आहे का, हे गेल्या सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष विक्रीच्या सरासरीवरून दिसते.

भारतात हा टोल २०१९ च्या डिसेंबरपासून चढत गेला. तोवर ५,००० रुपयांपर्यंतची परदेशी ‘भेट’ शुल्काविना येत असे आणि परदेशातले अनेक विक्रेते गिऱ्हाइकाने न सांगताही पुड्यावर ‘गिफ्ट’ असे लिहून मोकळे होत. ही वाट चोरटीच होती, हे मान्य करायला हवे. सरकारने ती बंद केली, फक्त जीवनावश्यक औषधे आणि राख्या यांना सूट ठेवली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे झाले आणि २०२३ मध्ये शुल्क ७० टक्के झाले. स्वस्त, निकृष्ट आयात थोपवणे आणि देशी उत्पादनाला वाव देणे हा हेतू होता. बाजारात येणाऱ्या खेळण्यांच्या सुरक्षिततेबद्दलची काळजीही खरी होती. पण ज्या तुकड्याला देशी पर्यायच नाही, त्याची गणनाही त्याच रकान्यात झाली. घरी वापरायला मागवलेला सुट्या प्लेटांचा पुडा ‘खेळणे’ म्हणून मोजायचा की ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून, यावर दर बदलतो, आणि पार्सल मुंबईत कुणाच्या हातात पडते यावर हे ठरते, असा हौशींमधला पक्का समज आहे.

या सगळ्यात दुर्लक्षित राहणारी गोष्ट वेगळीच आहे. सीमाशुल्क नुसत्या तुकड्यांच्या किमतीवर लागत नाही, वाहतुकीचा खर्च धरून लागते. म्हणजे टपालाच्या काही भागावरही कर; विमानाने येणाऱ्या मालात हा भाग तुकड्यांच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरला जातो.  शिवाय कुरिअर असेल तर हाताळणीचे शुल्क दर पार्सलला वेगळे. विक्रेते कमी करण्याचा जुना सल्ला युरोपात बचतीचा असेल. इथे त्यावाचून खरेदीच परवडत नाही.

नाशिकमध्ये यावर तीन वाटा निघाल्या. पहिली, परदेशातून येणाऱ्या भाच्याची बॅग. २०१६ च्या नियमांनी परतणाऱ्या प्रवाशाला त्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानाची सूट दिली, तेव्हापासून पुणे-मुंबईत आयटीत असलेल्या आणि वरचेवर परदेशी जाणाऱ्या नातेवाइकांचा भाव वधारला. ऑर्डर त्यांच्या तिकडच्या पत्त्यावर जाते, त्यामुळे तिथले स्थानिक टपालच लागते आणि विक्रेते जास्त असले तरी बिघडत नाही. वजन मात्र भाच्याच्या वाट्याला. दुसरी, चार-पाच जणांनी मिळून एकच ऑर्डर काढणे. गंगापूर रोडवरचा, इंदिरानगरचा, नाशिकरोडचा अशा याद्या एका तक्त्यात एकत्र होतात, टपाल वजनाप्रमाणे आणि शुल्क किमतीप्रमाणे वाटले जाते. यात भांडण होते ते बहुधा उशिरा नाव देणाऱ्यामुळे. एका नावावर फार माल आला की तो खरेच घरगुती वापराचा आहे का, हा प्रश्नही उभा राहू शकतो, म्हणून असे गट लहानच ठेवलेले बरे.

तिसरी वाट सध्या सर्वांत जास्त रुळली आहे: देशातच सवलतीत मिळणारा सेट घेऊन तो फोडणे, म्हणजे ‘पार्ट-आउट’. त्याला चालना देणाऱ्या दोन गोष्टी अलीकडच्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये संशयास्पद हालचालींमुळे ब्रिकलिंक काही दिवस बंद ठेवावे लागले आणि फक्त तिथेच याद्या ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. तेव्हापासून याद्यांची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवण्याची सवय लागली आणि एकाच बाजारावरचा भरवसाही कमी झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सेटचे तुकडे आणि रंग आधीच यादीत पाहता येतात, त्यामुळे मंदिरासाठी गडद राखाडी हवा असलेला माणूस किल्ल्याचा किंवा अवकाशयानाचा सेट धरतो, शेजारचा चाके आणि खिडक्या उचलतो. मिनिफिगर, म्हणजे सेटमधल्या छोट्या माणसांच्या बाहुल्या, वेगळ्या विकून सेटच्या किमतीचा बराच भाग सुटतो, आणि राखाडी प्लेटचा खरा भाव त्यानंतर उरलेल्या रकमेवरून काढला जातो.