समेट नव्हे, काम

टोळीयुद्धाच्या वस्तीत मिशनरी म्हणजे दोन टोळ्यांत तह घडवणारा पाद्री, हा समज फार जुना आहे. तो चुकीचा आहे. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्समध्ये १९८६ साली डोलोरेस मिशन चर्चमध्ये आलेल्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादर ग्रेग बॉइल यांनी सुरुवातीला तसे समेट खरोखरच केले. पुढे त्यांनीच ते सोडले, कारण वाटाघाटींमुळे टोळीलाच मान्यता मिळते, तिचं बळ वाढतं. मग टोळीशी नव्हे, टोळीतल्या एकेका मुलाशी नातं! १९८८ साली रोजगाराचा उपक्रम, १९९२ साली बेकरी. तिथे कालचे वैरी शेजारी उभे राहून पीठ मळतात, अंगावरचे टोळीचे टॅटू मोफत काढून मिळतात. आणि हो, त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.