मूलभूत स्थिरांकांचे परिवर्तन

गुरुत्वाकर्षणाचे सामर्थ्य सांगणारा गुरुत्वस्थिरांक, विद्युतचुंबकीय बलाचे सामर्थ्य सांगणारा सूक्ष्म-संरचना स्थिरांक यांसारख्या संख्या विश्वाच्या आयुष्यात किंचित सरकल्या असाव्यात, ही कल्पना. विश्वाचे वय वाढते तसे गुरुत्वाकर्षण क्षीण होते, असे भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३७ मध्ये सुचवले. पुढे अशा बदलाला स्ट्रिंग सिद्धांतात (मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची कंपने, असे मानणारा सिद्धांत) कारण सापडले.

येथे नेहमीची एक गल्लत टाळावी. महाबळेश्वरची क्विंटलभर स्ट्रॉबेरी केळघर घाट उतरून साताऱ्यात आली, की स्प्रिंगच्या काट्यावर पंधरा ग्रॅमच्या आसपास जास्त भरायला हवी. (वाटेत फळाचे पाणी त्याहून जास्त उडते, हे वेगळे.) हा फरक उंचीचा, गुरुत्वस्थिरांक दोन्हीकडे एकच. तागडीत मात्र तोही दिसत नाही, कारण माल आणि वजने दोन्ही सारखीच जड होतात. स्थिरांक मोजताना हीच अडचण येते: मापेही सोबत बदलली तर कळणार कसे? म्हणून एकक नसलेल्या संख्या तपासतात. सुमारे १/१३७ हा सूक्ष्म-संरचना स्थिरांक त्यांपैकी एक.

स्ट्रिंग सिद्धांताच्या सुपरस्ट्रिंग या रूपाला दहा मिती लागतात. आपल्या चार (अवकाशाच्या तीन आणि काळाची एक) वगळता उरलेल्या सहा अतिसूक्ष्म गुंडाळलेल्या मानतात. त्या गुंडाळीचा आकार आणि ‘डायलॅटॉन’ या क्षेत्राचे मूल्य यांवर बलांचे सामर्थ्य ठरते. विश्व प्रसरण पावताना क्षेत्र सरकले, तर स्थिरांकही सरकणार. शिवाय वेगवेगळे धातू किंचित वेगळ्या त्वरणाने पडणार. प्रसरणच डायलॅटॉनला द्रव्यापासून जवळजवळ अलिप्त करू शकते, असे भौतिकशास्त्रज्ञ तिबो दामूर व अलेक्झांडर पोल्याकोव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवले. म्हणजे परिणाम उरतो, पण अगदी बारीक.

स्थिरांक सरकले नसल्याचा सर्वांत नवलाचा पुरावा आफ्रिकेतल्या गॅबनमधील ओक्लोच्या खाणीतला. १९७२ मध्ये तिथल्या धातुकातल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२० ऐवजी ०.७१७ टक्के भरले. कमी पडलेले इंधन म्हणून जळाले होते: सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे निसर्गाचीच अणुभट्टी पेटली होती. तिच्या राखेतले समेरियम-१४९ ठराविक ऊर्जेचे न्यूट्रॉन गिळते; सूक्ष्म-संरचना स्थिरांक तेव्हा जरा वेगळा असता, तर ही ऊर्जा ढळून समेरियमचे प्रमाण बदलले असते. ते बदललेले नाही. एवढ्या काळातला फरक एक कोटीत एक भागाच्या आसपास किंवा त्याहून कमीच निघतो.

चंद्रावरच्या आरशांवर लेसर टाकून केलेल्या मोजमापांत गुरुत्वस्थिरांकाचा वार्षिक बदल लाख कोटीत एक भागाइतकाही आढळत नाही. ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहात टायटॅनियम व प्लॅटिनम बरोबरच पडले. त्याचे अंतिम निष्कर्ष २०२२ चे.

यामुळे स्ट्रिंग सिद्धांत खोटा ठरत नाही. डायलॅटॉनला पुरेसे वस्तुमान असेल, तर तो केव्हाच एका मूल्यावर स्थिरावला असेल आणि आज काहीच हलणार नाही. समर्थक याला समाधान म्हणतात, टीकाकार पळवाट. प्रयोगांनी बाद होतात त्या हलक्या, मोकळ्या डायलॅटॉनच्या आवृत्त्या.